सव्वीसवर

पंधरा दिवसांनी एकदा, रविवारी,
हे बाजारात गेले की मी स्टूल ओढते,
एसीचं तोंड उघडते
आणि दोन्ही जाळ्या न्हाणीघरात नेते.
दात घासायचा जुना ब्रश, साबणाचं पाणी थोडंसं.
धार मागच्या बाजूनं सोडायची.
पुढून सोडली तर धूळ आणखी आत रुतते.

पहिली चार वर्षं पाणी लाल यायचं.
सावर्ड्याच्या रस्त्यानं धक्क्याकडे
दिवसभर ट्रकच ट्रक, त्यांतला एक आमचा.
जेवणाच्या पानावर लाल,
दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांवर लाल.
मी त्या धुळीला शिव्या घालायची
आणि तिच्याच पैशांतून हप्ता भरायची.
दीड टनाचाच घेऊ, हे म्हणाले होते.
रात्रभर अठरावर. मे महिन्यात गोधडी!
बिलाचा कागद कुणी उलगडूनही पाहिला नाही.

मग खाण थांबली.
पाणी आधी तांबूस, मग चहासारखं, मग राखाडी.
आता जाळीतून निघतात चार केस
आणि सासूबाईंच्या उदबत्तीची राख.
इतकी स्वच्छ जाळी कधी पाहिली नव्हती,
आणि इतकं मोठं बिल.

एप्रिलात भिंतीवरून पाणी ओघळू लागलं.
मडगावहून कंपनीचा पोरगा आला,
फोनमधून मान वर न करता म्हणाला,
गॅस गेला. साडेतीन हजार.
मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

संध्याकाळी कायतान आला.
एकेकाळी आमच्याच ट्रकवर क्लीनर होता,
आता स्कूटरला ब्लोअर बांधून गावभर फिरतो.
हे अंगणात ट्रकच्या मागे उभे राहिले,
टायर तपासत. दोन वर्षं न फिरलेले टायर.
कायताननं पाण्याच्या पाइपमध्ये तार घातली,
हळूच फिरवली,
आणि तळहातावर एक गोळा घेऊन खाली उतरला.
कुंभारीण माशीचं घर.
‘‘पळय बाय, खणीची माती,
हिचें काम मात बंद जावंक ना.’’
दोनशे घेतले. चहा घेतला.
जाताना ट्रकच्या बॉनेटवर दोनदा थाप मारली,
बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

त्यानं सांगितलं तसं आता चालतं घर.
सव्वीसवर ठेवायचं आणि पंखा दोनवर.
दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याची वळकटी.
अकराच्या आत पश्चिमेचे पडदे ओढायचे.
गच्चीवर चुन्याचे दोन हात मी स्वतः दिले,
आठवडाभर नखं पांढरी होती.
बाहेरच्या यंत्रावर झावळांच्या मल्लांची सावली,
मात्र वारा अडू द्यायचा नाही.

रात्री दहाला पाचही जणं एकाच खोलीत.
सासूबाई खाली चटईवर,
‘ह्या गारव्यानं हाडं धरतात’ म्हणत
सगळ्यांत आधी घोरणाऱ्या.
मुलं आडवी तिडवी.
तीन वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपणारे हे
जागाच नाही म्हणून माझ्याकडे वळलेले.
दोनच्या सुमारास मी उठते, बंद करते.
आतला गारवा पहाटेपर्यंत पुरतो, जपून वापरला तर.

खिडकीखाली बादली ठेवलीय.
टप्. टप्. सकाळी अर्धी भरलेली असते.
पहिल्यांदा मी त्या पाण्यानं लादी पुसायची.
आता हे माझ्याआधी उठतात,
बादली उचलतात
आणि ट्रकच्या रेडिएटरमध्ये ओततात.
कुठे जायचं नसतं.
मी विचारत नाही.

रेडिएटर गळका आहे.
नऊ वाजेपर्यंत ट्रकखाली लाल चिखल होतो,
आणि त्या चिखलावर काल एक कुंभारीण उतरलेली दिसली,
तोंडात इवलासा गोळा घेऊन
सरळ आमच्या भिंतीकडे निघालेली.

कायतानला पुन्हा फोन करायला हवा.